शुद्ध टायटॅनियम : गुणधर्म, औद्योगिक उपयोग आणि भारतातील सद्यःस्थिती

शुद्ध टायटॅनियम (बाजारातील प्रचलित नाव 'सीपी टायटॅनियम') म्हणजे अन्य कोणताही धातू हेतुपुरस्सर न मिसळलेले, सुमारे ९९ टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धतेचे टायटॅनियम होय. विमानांचे भाग, क्षेपणास्त्रे किंवा महागड्या मोबाइल फोनच्या चौकटी यांत जे टायटॅनियम वापरतात ते बहुधा ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू असतो. शुद्ध टायटॅनियम बळाच्या बाबतीत त्याच्यापेक्षा कमी असते. परंतु ते सहज वाकवता येते, त्याचे जोडकाम तुलनेने सोपे असते आणि क्लोराइडयुक्त पाण्यात ते गंजत नाही. त्यामुळे क्लोरीन व कॉस्टिक सोड्याचे कारखाने, समुद्राचे पाणी वापरणारी वीजकेंद्रे, रासायनिक उद्योग आणि दंतवैद्यक ही त्याची मुख्य क्षेत्रे आहेत.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत टायटॅनियमचा समावेश आहे. भारताच्या किनाऱ्यांवर या धातूच्या खनिजांचे मोठे साठे आहेत. तथापि त्यांपासून धातू तयार करण्याची देशातील क्षमता अल्प आहे. या विसंगतीचे कारण खनिजाच्या टंचाईत नसून टायटॅनियमच्या ऑक्सिजनशी असलेल्या घट्ट बंधात आहे. हाच बंध धातूला महाग करतो, त्याची प्रत ठरवतो आणि त्याला गंजण्यापासून वाचवतो. प्रस्तुत लेखात या धातूचे गुणधर्म व उपयोग यांबरोबरच भारतातील घडामोडींचा आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या औद्योगिक-कृषी जिल्ह्याच्या दृष्टीने त्यांच्या अर्थाचा विचार केला आहे.

== शोध आणि नाव ==

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील धर्मोपदेशक विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये तेथील काळ्या वाळूत एका अज्ञात मूलद्रव्याचे ऑक्साइड आढळले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हाइनरिख क्लॅपरोथ यांनी १७९५ मध्ये स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला आणि ग्रीक पुराणकथांतील भूमिपुत्र टायटन यांच्यावरून त्याला नाव दिले. मूलद्रव्य ओळखले गेले, पण धातू हाती येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. मॅथ्यू हंटर यांनी १९१० मध्ये अमेरिकेत बऱ्याच अंशी शुद्ध धातू मिळवला. लक्झेंबर्गचे विल्यम क्रॉल यांनी १९३० नंतरच्या दशकात मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातू वेगळा करण्याची पद्धत विकसित केली. आजही जगातील बहुतेक टायटॅनियम याच पद्धतीने तयार होते.

== विपुल मूलद्रव्य, महाग धातू ==

पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने टायटॅनियम नववे मूलद्रव्य आहे; वजनाने त्याचे प्रमाण सुमारे ०.६ टक्के भरते. बांधणीसाठी उपयोगी पडणाऱ्या धातूंपैकी केवळ ॲल्युमिनियम, लोह आणि मॅग्नेशियम हे त्याच्याहून विपुल आहेत. तांबे, जस्त, शिसे व निकेल हे नित्य वापरातील धातू त्याच्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहेत.

अहिल्यानगर जिल्हा हे या विपुलतेचे चांगले उदाहरण आहे. नदीकाठचा गाळाचा थर वगळता जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकांचा बनलेला आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाई (१,६४६ मी.) या राज्यातील सर्वोच्च शिखराचे नाव भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या लाव्हाथरांच्या एका उपगटालाही दिले आहे. या बेसाल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण साधारणपणे २ ते ३ टक्के असते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या वजनाचा ६० टक्के भाग धातूचा असल्याने अशा एक टन काळ्या पाषाणात सुमारे १२ ते १८ किलोग्रॅम टायटॅनियम असते. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीच्या रंगाला त्यातील सेंद्रिय द्रव्यांबरोबर टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कणही कारणीभूत मानले जातात.

तरीही या पाषाणाला टायटॅनियमचे धातुक म्हणता येत नाही. त्यातील टायटॅनियम लोहाच्या व सिलिकेटच्या सूक्ष्म खनिजांत विखुरलेले असते आणि ते वेगळे करण्याचा खर्च धातूच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. जेथे पाऊस, नद्या व लाटा यांनी ही निवड हजारो वर्षे केली आहे, तेथेच खाणकाम परवडते. केरळमधील चवरा, तमिळनाडूचा दक्षिण किनारा आणि ओडिशातील छत्रपूर परिसर येथील जड वाळूत इल्मेनाइट (लोह व टायटॅनियम यांचे ऑक्साइड) आणि रुटाइल (टायटॅनियमचे ऑक्साइड) एकवटलेले आढळतात. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त वाळूचे साठे आहेत. सह्याद्रीचा बेसाल्ट व कोकणातील जांभा यांच्या झिजेतून ते तयार झाले आहेत.

== निर्मिती ==

लोहाचे ऑक्साइड कोळशाबरोबर तापवले असता कोळसा त्यातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड उरते. टायटॅनियमच्या बाबतीत हा सरळ मार्ग चालत नाही. त्याचे ऑक्साइड कार्बनबरोबर तापवल्यास शुद्ध धातूऐवजी कठीण कार्बाइड तयार होते. म्हणून क्रॉल पद्धतीत वळसा घ्यावा लागतो.

* प्रथम रुटाइल, किंवा इल्मेनाइटमधील लोह काढून मिळवलेला टायटॅनियमचा समृद्ध मळ, कार्बन व क्लोरीन वायूबरोबर सुमारे ९०० ते १,००० °से. तापमानाला तापवतात. त्यातून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव मिळतो. ऊर्ध्वपातन करून तो शुद्ध करतात.
* नंतर बंद पोलादी भांड्यात, आरगॉन वायूच्या आवरणाखाली, सुमारे ८०० ते ९०० °से. तापमानाला हा द्रव वितळलेल्या मॅग्नेशियमशी संयोग पावतो. मॅग्नेशियम क्लोरीन घेते आणि सच्छिद्र धातू उरतो. स्पंजासारख्या रूपामुळे त्यास टायटॅनियम स्पंज म्हणतात.
* स्पंज दाबून त्याचे विद्युतप्रस्थ तयार करतात आणि निर्वात विद्युत्-प्रज्योत भट्टीत वितळवून लाद्या ओततात. पत्रे, नळ्या व सळया या लाद्यांपासून काढतात.

या रासायनिक प्रक्रियेचा हिशेब मांडल्यास एक किलोग्रॅम टायटॅनियमसाठी सुमारे ४ किलोग्रॅम टेट्राक्लोराइड आणि एक किलोग्रॅमहून किंचित अधिक मॅग्नेशियम लागते. उरलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडपासून मॅग्नेशियम व क्लोरीन पुन्हा मिळवण्यासाठी विद्युत् अपघटन करावे लागते. हे सर्व काम एका सलग प्रवाहात होत नाही. एकेका भांड्याला तापवणे, प्रक्रिया, निवणे व फोडणे यांत अनेक दिवस जातात. टायटॅनियमच्या किमतीत खनिजापेक्षा वीज, मॅग्नेशियम आणि वेळ यांचा वाटा मोठा असतो तो यामुळे.

== प्रती (ग्रेड) ==

धातूतून सर्व ऑक्सिजन काढणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. उरलेल्या ऑक्सिजनचे अणू टायटॅनियमच्या स्फटिकजालातील रिकाम्या जागांत बसतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकण्यास अडथळा करतात. परिणामी ऑक्सिजन वाढला की बळ वाढते आणि लवचिकपणा घटतो. शुद्ध टायटॅनियमच्या चार प्रती प्रामुख्याने याच आधारावर ठरवल्या आहेत. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या बी २६५ या पत्र्यांसाठीच्या मानकानुसार त्यांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत.

| ग्रेड | ऑक्सिजन (कमाल टक्के) | लोह (कमाल टक्के) | किमान ताणबल (मेगापास्कल) | तुटण्यापूर्वीची किमान लांबीवाढ (टक्के) |
|---|---|---|---|---|
| १ | ०.१८ | ०.२० | २४० | २४ |
| २ | ०.२५ | ०.३० | ३४५ | २० |
| ३ | ०.३५ | ०.३० | ४५० | १८ |
| ४ | ०.४० | ०.५० | ५५० | १५ |

ग्रेड १ आणि ग्रेड ४ यांच्या ऑक्सिजन मर्यादेतील फरक केवळ ०.२२ टक्के आहे. तरीही किमान ताणबल दुपटीहून अधिक वाढते. खोल दाबून घडवावयाच्या पातळ पट्टिकांसाठी ग्रेड १, टाक्या व नळ्यांसाठी ग्रेड २ आणि दंतरोपणासाठी बहुधा ग्रेड ४ निवडतात. उद्योगात सर्वाधिक खप ग्रेड २ चा आहे. ग्रेड ७ मध्ये ०.१२ ते ०.२५ टक्के पॅलेडियम असते. त्याचे बळ ग्रेड २ इतकेच, परंतु अम्लांत टिकण्याची क्षमता अधिक असते. तुलनेसाठी, विमानउद्योगातील ग्रेड ५ या मिश्रधातूचे किमान ताणबल ८९५ मेगापास्कल आहे.

== गुणधर्म ==

=== भौतिक ===

टायटॅनियमचा अणुक्रमांक २२, घनता ४.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि वितळबिंदू १,६६८ °से. आहे. ते अचुंबकीय आहे. ८८२ °से. तापमानाला शुद्ध धातूची स्फटिकरचना बदलते. त्याची घनता स्टेनलेस पोलादाच्या सुमारे ५७ टक्के आहे. म्हणून किलोग्रॅममागे येणारी किंमत आणि प्रत्यक्ष वस्तूची किंमत यांत फरक करावा लागतो : एका किलोग्रॅम टायटॅनियममध्ये त्याच जाडीचा पत्रा पोलादाच्या पावणेदोन पट क्षेत्रफळाचा मिळतो. त्याची ताठरता मात्र पोलादाच्या सुमारे निम्मी आहे, म्हणून आधाराविना लांब नळ्या अधिक लवतात व थरथरतात. उष्णतावहन तांब्याच्या मानाने फार कमी असते. उष्णता विनिमयकात ही उणीव नळीची भिंत पातळ ठेवून भरून काढता येते, कारण गंजण्यासाठी जादा जाडी राखून ठेवावी लागत नाही.

=== गंजरोध ===

हवा किंवा पाणी यांच्या स्पर्शाने टायटॅनियमच्या पृष्ठभागावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर इतकीच असते, पण तो अखंड व घट्ट चिकटलेला असतो; ओरखडा पडल्यास आपोआप पुन्हा जमतो. खाणीतून धातू काढताना जो ऑक्सिजन अडसर ठरतो, तोच येथे कवच होतो. समुद्राचे पाणी, ओला क्लोरीन, ब्लीचिंगची द्रावणे, नायट्रिक अम्ल आणि गरम ॲसिटिक अम्ल यांत शुद्ध टायटॅनियम उत्तम टिकते. स्टेनलेस पोलादाला क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. टायटॅनियमला सामान्य तापमानास तो धोका जवळजवळ नसतो.

=== मर्यादा ===

हे कवच अभेद्य नाही.

* हायड्रोफ्लोरिक अम्ल सौम्य असले तरी धातू झपाट्याने खाते. तीव्र व गरम हायड्रोक्लोरिक तसेच सल्फ्युरिक अम्लातही तो टिकत नाही.
* ओल्या क्लोरीनमध्ये सुरक्षित असणारा हा धातू पूर्ण कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेऊ शकतो, कारण पापुद्रा पुन्हा जमण्यासाठी थोडासा ओलावा आवश्यक असतो. लाल धूमित नायट्रिक अम्लात पाण्याचे प्रमाण फार कमी असल्यासही स्फोटाचा धोका असतो.
* सुमारे ७० ते ८० °से. च्या वर, क्लोराइडयुक्त द्रावणात, पॅकिंगखालील फटींमध्ये गंज सुरू होऊ शकतो. अशा ठिकाणी ग्रेड ७ वापरतात.
* साध्या पोलादाला टायटॅनियम थेट जोडून दोन्ही पाण्यात ठेवल्यास पोलाद वेगाने गंजते, आणि त्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन शोषून टायटॅनियम ठिसूळ होऊ शकते.
* सुमारे ४०० °से. च्या वर दीर्घकाळ राहिल्यास धातू हवेतील ऑक्सिजन शोषू लागतो. म्हणून भट्टीच्या कामासाठी तो योग्य नाही.

== घडण आणि जोडकाम ==

शुद्ध टायटॅनियमचे पत्रे वाकवणे व दाबणे थंड अवस्थेत शक्य असते; मात्र वाकवल्यानंतर ते पोलादापेक्षा अधिक प्रमाणात परत उलगडतात. यंत्रावर कापताना उष्णता धातूतून वाहून जात नाही, ती हत्याराच्या टोकाशी साठते. म्हणून गती कमी, भरणा पुरेसा आणि शीतक द्रव भरपूर ठेवावा लागतो. बारीक किस व भुकटी पेट घेऊ शकते. ही आग पाण्याने विझवण्याचा प्रयत्न धोकादायक ठरतो. त्यासाठी कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास भुकटी जवळ ठेवतात.

जोडकाम 'टिग' वेल्डिंगने होते. पोलादाच्या कामात वितळलेल्या भागावर आरगॉन सोडणे पुरेसे असते. टायटॅनियममध्ये मात्र जोड निवेपर्यंत त्याच्या पुढील व मागील दोन्ही बाजूंवर आरगॉनचे आवरण टिकवावे लागते. अन्यथा तापलेला धातू हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. जोडाचा रंग हीच येथे पहिली परीक्षा असते. चंदेरी किंवा फिकट पिवळसर जोड चांगला मानतात. गडद निळा रंग संशयास्पद आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसल्यास जोड बाद ठरतो. पोलादाच्या कामासाठी वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती टायटॅनियमला लावल्यास लोहाचे कण त्यात रुततात आणि पुढे तेथून गंज सुरू होऊ शकतो. यासाठी स्वतंत्र जागा, स्वतंत्र हत्यारे आणि स्वच्छ हातमोजे यांची शिस्त लागते.

== औद्योगिक उपयोग ==

'''क्लोरीन व कॉस्टिक सोडा :''' मिठाच्या द्रावणाचे विद्युत् अपघटन करून क्लोरीन व कॉस्टिक सोडा तयार होतात. पूर्वी यात ग्रॅफाइटचे धनाग्र वापरत. ते झिजत आणि वारंवार बदलावे लागत. हेन्री बीअर यांनी १९६० नंतरच्या दशकात टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेले, आकार न बदलणारे धनाग्र विकसित केले आणि या उद्योगाचे रूप पालटले. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत टाकली जाणारी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) क्लोरीनपासूनच बनते. ज्या खेड्यात कोणी टायटॅनियमचे नावही ऐकलेले नसते, तेथील पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यामागे या धातूचा असा अप्रत्यक्ष वाटा असतो.

'''उष्णता विनिमयक व संघनक :''' समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी वापरणाऱ्या वीजकेंद्रांत, जहाजांवर आणि खाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरण प्रकल्पांत पातळ भिंतीच्या टायटॅनियम नळ्या व पट्टिका वापरतात.

'''रसायने व खते :''' ॲसिटिक अम्ल, टेरेफ्थॅलिक अम्ल, नायट्रिक अम्ल आणि ब्लीचिंगची रसायने यांच्या निर्मितीत टाक्या, पंप व झडपा टायटॅनियमच्या किंवा टायटॅनियमचे अस्तर दिलेल्या असतात. युरिया निर्मितीच्या काही पद्धतींत अतिशय दाहक कार्बामेट द्रावण हाताळण्यासाठीही टायटॅनियमचा वापर झाला आहे.

'''दंतवैद्यक व शस्त्रक्रिया :''' स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० नंतरच्या दशकात सशांवरील प्रयोगांत असे आढळले की टायटॅनियमभोवती हाड घट्ट वाढते व धातू त्यातून सुटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंतरोपण केले. येथेही हाडाचा प्रत्यक्ष संबंध धातूशी नसून त्यावरील ऑक्साइडच्या पापुद्र्याशी येतो.

'''वास्तुकला व इतर :''' स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालयाचे (१९९७) आवरण टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांचे आहे. चष्म्याच्या चौकटी, घड्याळे आणि घरगुती पाणी-आयोनायझरमधील प्लॅटिनमचा लेप दिलेल्या पट्टिका ही नित्य परिचयातील उदाहरणे होत.

== जागतिक घडामोडी ==

टायटॅनियम स्पंजचे उत्पादन मोजक्या देशांत एकवटले आहे. चीनचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे. जपान, रशिया, कझाकस्तान व सौदी अरेबिया हे अन्य महत्त्वाचे उत्पादक होत. अमेरिकेतील शेवटचा मोठा स्पंज कारखाना, नेवाडा राज्यातील हेंडरसन येथील, २०२० मध्ये बंद पडला. तंत्रज्ञान आणि भांडवल असूनही तो टिकला नाही, ही बाब नव्याने या उद्योगात येणाऱ्या देशांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर बोइंग कंपनीने रशियन टायटॅनियमची खरेदी थांबवली. एका पुरवठादारावर विसंबण्याचा धोका त्यामुळे उघड झाला. २०२४ मध्ये बोइंग व एअरबस यांच्या काही विमानांत खोट्या प्रमाणपत्रांसह पुरवलेले टायटॅनियम वापरले गेल्याचे उघडकीस आले आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने चौकशी हाती घेतली. या प्रकरणाचा धडा विमानउद्योगापुरता मर्यादित नाही. ग्रेड १ व ग्रेड ४ यांचे पत्रे डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांतील फरक ऑक्सिजनच्या अंशाएवढा असल्याने तो प्रयोगशाळेतच कळतो, आणि खरेदीदाराच्या हाती असते ते केवळ प्रमाणपत्र.

== भारतातील स्थिती ==

भारतात इल्मेनाइटचा मोठा भाग धातूसाठी नव्हे, तर टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यासाठी वापरला जातो किंवा निर्यात होतो. रंग, प्लॅस्टिक व कागद यांना शुभ्रपणा देणारे हे द्रव्य बनवण्यास धातूच्या तुलनेने कमी ऊर्जा लागते, कारण त्यात शुद्ध धातू वेगळा करावा लागत नाही. जगातही हेच चित्र आहे. खनिजाचा थोडासाच भाग धातू होतो.

धातूच्या दिशेने पडलेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे केरळमधील चवरा येथील केरळ मिनरल्स अँड मेटल्स या सार्वजनिक कंपनीचा स्पंज कारखाना. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान आणि इस्रोचे अर्थसाहाय्य यांतून तो उभा राहिला व २०११ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ५०० टन आहे. अवकाश कार्यक्रमाची गरज भागवणे हा त्याचा मुख्य हेतू होता. हैदराबाद येथील मिश्र धातु निगम (स्थापना १९७३) टायटॅनियम वितळवून लाद्या, सळया व पत्रे तयार करते, तर तेथीलच अणुइंधन संकुलात नळ्या बनतात. महाराष्ट्रात पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीने २०१६ पासून बोइंग ७३७ विमानांसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवले आहेत. २०२५ मध्ये लखनौ येथे संरक्षण कॉरिडॉरमध्ये खासगी क्षेत्रातील टायटॅनियम व सुपरअलॉय कारखान्याचे उद्घाटन झाले.

धोरणांतही बदल झाले आहेत. खाणी व खनिजे कायद्यात ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने टायटॅनियमसह सहा खनिजे अणुखनिजांच्या सूचीतून वगळण्यात आली व त्यांच्या शोधात खासगी कंपन्यांना वाव मिळाला. मात्र किनाऱ्यावरील वाळूत आढळणारी इल्मेनाइट व रुटाइल ही खनिजे मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या सान्निध्यामुळे अणुखनिजांतच राहिली. देशाचे परवडणारे टायटॅनियम प्रामुख्याने या वाळूतच असल्याने खुलेपणाचा प्रत्यक्ष परिणाम मर्यादित आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील आयआरईएल या कंपनीने कझाकस्तानच्या टायटॅनियम-मॅग्नेशियम कंपनीशी ओडिशात टायटॅनियम मळ तयार करण्याच्या संयुक्त प्रकल्पाचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी सरकारी खर्च १६,३०० कोटी रुपये व सार्वजनिक उपक्रमांची अपेक्षित गुंतवणूक १८,००० कोटी रुपये धरण्यात आली आहे.

या सर्व हालचालींचा झोत संरक्षण, अवकाश व विमानउद्योग यांवर, म्हणजेच मुख्यतः मिश्रधातूंवर आहे. रासायनिक उद्योगाला लागणारे ग्रेड १ व २ चे पत्रे आणि नळ्या स्वस्त दरात देशात मिळाव्यात हा प्रश्न चर्चेत मागे राहतो. वस्तुतः याच प्रतींना विमानउद्योगाइतकी किचकट तपासणी लागत नाही आणि त्यांची मागणी देशभर विखुरलेली आहे.

== अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने ==

२०२४ मध्ये नामांतर झालेल्या या जिल्ह्याची ओळख साखर उद्योगाची आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा परिसरात उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ चा. पुढे साखरेला आसवन्यांची व आसवन्यांना रसायनांची जोड मिळाली. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे इथेनॉलवर आधारित रसायने तयार होतात. नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग व जोडकामाचा अनुभव आहे, तर नगरमधील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा लष्करी वाहनांवर काम करते.

या जिल्ह्यात टायटॅनियम कोठे उपयोगी पडेल याचा विचार ठिकाण पाहूनच करावा लागतो. उसाचा रस आटवणाऱ्या बाष्पकांत स्टेनलेस पोलादाच्या नळ्या समाधानकारक काम देतात. तेथे टायटॅनियम घालणे हा अनाठायी खर्च होईल. शिवाय नळ्यांच्या आत बसणारा क्षारांचा थर टायटॅनियमवरही बसतो. धातू बदलल्याने तो टळत नाही. आसवनीच्या स्पेंटवॉशची गोष्ट वेगळी आहे. हे सांडपाणी नदीत सोडता येत नसल्याने ते आटवून घट्ट करावे लागते. त्यात पोटॅशबरोबर क्लोराइडही असते आणि आटवताना त्याचे प्रमाण वाढत जाते. अशा ठिकाणी साध्या स्टेनलेस पोलादाला खड्डे पडण्याचा धोका असतो. उच्च प्रतीचे पोलाद की टायटॅनियम, हा हिशेब तेथे खरेदीच्या किमतीवर न करता उपकरणाच्या आयुष्यावर आणि हंगामात यंत्र बंद पडल्याने होणाऱ्या नुकसानीवर केला पाहिजे. गरम ॲसिटिक अम्ल हाताळणाऱ्या रसायननिर्मितीत तर शुद्ध टायटॅनियम हा जगभर मान्य असलेला पर्याय आहे.

दुसरे क्षेत्र आरोग्याचे आहे. लोणी येथे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय व दंत महाविद्यालये आहेत. दंतरोपणाचा स्क्रू काही ग्रॅमचादेखील नसतो. त्यामुळे त्याच्या किमतीत कच्च्या धातूचा वाटा अत्यल्प असतो. अचूक यंत्रकाम, पृष्ठभागावरील प्रक्रिया, निर्जंतुकीकरण व प्रमाणन यांचाच खर्च मोठा असतो. त्यामुळे देशात स्पंज स्वस्त झाला तरी केवळ त्यामुळे दात स्वस्त होणार नाहीत. ग्रामीण रुग्णाला उपचार परवडावेत यासाठी यंत्रकाम व प्रमाणन यांची देशी क्षमता वाढणे अधिक महत्त्वाचे ठरते.

स्पंज निर्मितीसाठी वाळूचे साठे, क्लोरीन, मॅग्नेशियम आणि अखंड स्वस्त वीज एकत्र लागते. अवर्षणप्रवण व किनाऱ्यापासून दूर असलेल्या या जिल्ह्यात तसा कारखाना निघण्याची शक्यता दिसत नाही. पत्र्यांपासून टाक्या, विनिमयक व धनाग्रांच्या जाळ्या घडवणे हे मात्र येथील कौशल्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी लागणारी यंत्रे स्टेनलेस पोलादाच्या कामाची असतात तीच असतात. फरक पडतो तो आरगॉनच्या आवरणाचा, स्वच्छतेचा आणि तपासणीचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वेल्डिंग अभ्यासक्रमात टायटॅनियमच्या जोडकामाचा भाग असणे आणि ऑक्सिजनचे प्रमाण तपासणारी प्रयोगशाळा लघुउद्योगांच्या आटोक्यात असणे, या दोन गोष्टींवर ही शक्यता अवलंबून आहे. तासकामातून निघणाऱ्या किसाचाही यात विचार हवा. ग्रेडनुसार वेगळा व कोरडा ठेवलेला किस पुन्हा वितळवता येतो. पोलादाच्या भंगारात मिसळला की त्याचे मोल संपते.

== किनाऱ्याचा प्रश्न ==

अंतर्देशीय जिल्ह्यातील कारखान्यात वापरला जाणारा पत्रा कोठल्यातरी किनाऱ्यावरील वाळूतून आलेला असतो. तेथील वाळूच्या टेकड्या उधाणापासून गावांचे रक्षण करतात आणि विहिरींचे गोडे पाणी धरून ठेवतात. केरळच्या आलप्पाड परिसरात वाळू उपशामुळे जमीन खचत असल्याची तक्रार करत रहिवाशांनी २०१८–१९ मध्ये दीर्घ आंदोलन केले. तमिळनाडूतील अवैध उपशाच्या प्रकरणांनंतर केंद्राने २०१९ मध्ये मोनाझाइटयुक्त वाळूचे खाणकाम सरकारी कंपन्यांपुरते मर्यादित केले. रत्नागिरीच्या साठ्यांचा विचारही मच्छीमार वस्त्या, सुरूची बने व पर्यटन यांना वगळून करता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर खनिज अधिक उपसणे आणि धातू अधिक बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आज निघणाऱ्या इल्मेनाइटचा अल्पसा अधिक भाग जरी धातूकडे वळवता आला, तरी शुद्ध टायटॅनियमची देशांतर्गत गरज भागवण्यासाठी नवा किनारा खणण्याची आवश्यकता भासेलच असे नाही. त्यासाठी वाळूपेक्षा वीज, मॅग्नेशियमची पुनर्प्राप्ती, वितळवण्याच्या भट्ट्या आणि कुशल हात यांत गुंतवणूक करावी लागेल.